पंप बंद पडला की प्लेट नीट बसली नाही? लिक्विड कूलरचं निदान

गेम किंवा रेंडर सुरू केला की सीपीयू ९५ अंशांच्या वर जातो, पंखे किंचाळायला लागतात आणि थोड्याच वेळात मशीन रखडतं. लिक्विड कूलर (सीपीयूची उष्णता पंपाने फिरवलेल्या द्रवातून बाहेर नेणारी यंत्रणा) लावलेल्या डेस्कटॉपवर हे दिसलं की बहुतेकांचा संशय थेट पंपावर जातो. संशय रास्त आहे, पण हुबेहूब हीच लक्षणं दुसऱ्या एका बिघाडातही दिसतात. पंप व्यवस्थित फिरत असतो, पण कूलरची तांब्याची प्लेट सीपीयूवर नीट टेकलेली नसते किंवा मधली थर्मल पेस्ट (उष्णता पलीकडे पोचवणारा लेप) निकामी झालेली असते.

दोन्हींचा इलाज अगदी वेगळा आहे. सीलबंद कूलरचा पंप सहसा सुटा मिळत नाही, त्यामुळे तो गेला तर अख्खा कूलर बदलावा लागतो. प्लेटची बैठक बिघडली असेल तर जरा पेस्ट, एक स्क्रूड्रायव्हर आणि अर्धा तास पुरतो. निदान न करता खरेदी केली की चांगला कूलर अडगळीत जातो. उलटही घडतं: पंप मेलेला असतो आणि माणूस पुन्हा पुन्हा पेस्ट बदलत बसतो.

उष्णतेची वाट अशी: चिप, तिच्यावरचं धातूचं झाकण, पेस्ट, तांब्याची प्लेट, प्लेटला लागून वाहणारं द्रव, नळी, रेडिएटर (पंख्यांच्या वाऱ्याने द्रव गार करणारी जाळी) आणि शेवटी हवा. बैठक बिघडली तर वाट पेस्टपाशी अडते, उष्णता द्रवापर्यंत नीट पोचतच नाही. पंप थांबला तर उष्णता द्रवात उतरते, पण ते द्रव जागचं हलत नाही. अडथळ्याच्या या दोन जागा एकमेकींपासून जेमतेम सेंटिमीटरभर अंतरावर आहेत, म्हणूनच स्क्रीनवरचा आकडा सारखा दिसतो. पण तो आकडा कसा चढतो आणि कसा उतरतो, यात खूप फरक असतो. निदान तिथेच होतं.

थोडा हिशेब करू. ब्लॉकमध्ये, म्हणजे सीपीयूवर बसणाऱ्या प्लेटच्या डबीत, प्लेटच्या आसपास ३० ग्रॅम पाणी आहे आणि प्लेट १०० ग्रॅम तांब्याची आहे असं धरा. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला साधारण ४.२ ज्यूल लागतात, तांब्याला ०.३९. म्हणजे हा सगळा ऐवज एका अंशाने तापायला १६५ ज्यूल पुरतात. मशीन नुसतं चालू ठेवलं आणि सीपीयू ३० वॅट घेत असला, तरी साचलेलं पाणी मिनिटाला ११ अंशांच्या आसपास तापेल. १५० वॅटचा लोड दिला तर सेकंदाला जवळपास एक अंश. प्रत्यक्षात थोडी उष्णता नळ्यांतून आणि आजूबाजूला निसटते, म्हणून वेग जरा कमी पडतो. पण पंप बंद असला की काहीही न करताही तापमान चढत राहतं.

बैठक बिघडते तेव्हा वेगळं घडतं. तिथे प्रश्न साठण्याचा नसून अडथळ्याचा असतो, आणि अडथळ्यापायी वाढणारं तापमान वॅटच्या प्रमाणात असतं. खराब पेस्टमुळे दर वॅटमागे ०.३ अंश जादा चढतात असं समजा. २० वॅटला ते फक्त ६ अंश होतात, कुणाच्या लक्षातही येत नाहीत. १५० वॅटला ४५ अंश होतात, आणि सीपीयू थेट मर्यादेला भिडतो. म्हणून बैठकीचा दोष मशीन शांत असताना लपून राहतो आणि लोड पडताच उघडा होतो.

यातूनच सगळ्यात सोपी आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची चाचणी निघते. मशीन पूर्ण थंड होऊ द्या, चालू करा, थेट बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) जा आणि तापमानाच्या आकड्याकडे बघत बसा. बायोसमध्ये सीपीयू फारसा झोपत नाही, त्यामुळे ४०-५० अंश दिसले तर घाबरायचं कारण नाही. बघायचं एवढंच की आकडा थोडा चढून एका जागी स्थिरावतो का. दहा मिनिटं तो ४५ च्या आसपास घुटमळत असेल तर द्रव बहुधा फिरतंय. ४५, ५५, ६५, ७५ असा न थांबता चढत असेल तर द्रव जागेवर साचलंय. बायोसमध्ये कुठला प्रोग्रॅम मागे चालत नसतो, त्यामुळे गैरसमजाला वाव कमी.

दुसरी चाचणी विंडोजमध्ये, एचडब्ल्यूइन्फोसारख्या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने. इथे एक सावधगिरी हवी. लोड पडताच तापमान २०-३० अंशांनी उडी मारतं ते निरोगी कूलरवरही मारतं. शिवाय आजकालच्या मोठ्या चिप्स मुळातच मर्यादेपर्यंत जायला बनवलेल्या असतात. रायझन ७००० मालिकेतल्या एक्स चिप्स सगळे कोर जुंपले की ९५ अंशांना जाऊन टेकतात, आणि इंटेलच्या १३व्या पिढीतला आय९ वीजमर्यादा काढल्या तर १०० गाठतो. नुसतं ‘९५ झालं’ म्हणून कूलरला दोष देणं हा अन्याय आहे. तापमानाच्या शेजारी पॅकेज पॉवरचा, म्हणजे सीपीयू किती वॅट घेतोय त्याचा, आकडा वाचा. सीपीयू २०० वॅट घेऊन ९५ वर असेल तर कूलर आपलं काम चोख करतोय. तोच सीपीयू ७० वॅटवरच ९५ ला पोचून रखडत असेल तर काहीतरी नक्की बिघडलंय.

नेमकं काय, हे त्याच आलेखात दिसतं. बैठक खराब असेल तर लोड देताच दोन-तीन सेकंदांत तापमान छताला लागतं, वॅट झटकन खाली येतात आणि मग तिथेच टिकतात. लोड काढला की तापमानही काही सेकंदांत निम्म्यावर येतं, कारण पलीकडचं द्रव मुळात गार आहे. पंप बंद असेल तर तापमान छताला लागल्यावर वॅट उतरतच राहतात, ९०, ७०, ५०, कारण साचलेलं पाणी दर क्षणाला आणखी तापतंय. लोड काढल्यावरही आकडा लवकर खाली येत नाही. ७०-८० वर रेंगाळतो, कितीतरी मिनिटं. ही चाचणी एखाद्या मिनिटापेक्षा जास्त चालवू नका. सीपीयू वेग कमी करून किंवा मशीन बंद करून स्वतःला वाचवतो, पण ब्लॉकमधलं द्रव, रबरी सील आणि नळ्यांना ती सोय नाही. पुष्कळ सीलबंद कूलरसाठी द्रवाची मर्यादा ६० अंशांच्या आसपास दिलेली असते.

तुमच्या कूलरला द्रवाच्या तापमानाचा सेन्सर असेल तर काम फार सोपं होतं. सीपीयू ९५ आणि द्रव ३५ असेल तर उष्णता द्रवात उतरतच नाही, म्हणजे संशय पेस्ट आणि बैठकीवर. सीपीयू ९५ आणि ब्लॉकमधलं द्रवही ६०-७० असेल, आणि रेडिएटर मात्र गार, तर पंप.

आता हाताची चाचणी. काही मिनिटं मध्यम लोड दिल्यावर (आकडा छताला लागला तर लगेच थांबवून) दोन्ही नळ्या ब्लॉकजवळ बोटांनी चाचपून बघा. मिनिटाला लिटरभर द्रव फिरत असेल तर १५० वॅटलाही येणाऱ्या आणि जाणाऱ्या द्रवात जेमतेम दोन अंशांचा फरक पडतो, तो हाताला कळतही नाही. म्हणून दोन्ही नळ्या सारख्याच कोमट लागल्या आणि रेडिएटरमधून ऊबदार हवा येत असली तर पंप फिरतोय. नळ्या ब्लॉकपाशी चटका देणाऱ्या, वीतभर पुढे गार आणि रेडिएटर थंडगार असेल तर द्रव थांबलंय.

आरपीएमच्या, म्हणजे पंप मिनिटाला किती फेरे घेतो त्याच्या, आकड्यावर लोक फार विसंबतात. माझ्या मते तो सगळ्यात कच्चा साक्षीदार आहे, आणि दोन्ही बाजूंनी दगा देतो. शून्य दिसला म्हणजे पंप मेलाच असं नाही. वेगाचा इशारा देणारी वायर निसटलेली असू शकते, किंवा पंपाला वीज पुरवणारी साटा केबल (पॉवर सप्लायकडून येणारी) अर्धवट बसलेली असू शकते. वेगाची ती वायर मदरबोर्डवरच्या सीपीयू फॅनच्या हेडरला (जोडणीच्या पिनांना) लावलेली नसेल तर बायोस ‘सीपीयू फॅन एरर’ म्हणून अडवतो, तेव्हाही पंप मजेत फिरत असतो. उलट २८०० आरपीएम दिसत असूनही द्रव हलत नसेल, हेही शक्य आहे. प्लेटच्या आतले बारीक खाचे गाळाने बुजलेले असतात किंवा पंपात हवा अडकलेली असते. मोटर फिरतेय एवढंच आरपीएम सांगतो.

हे बुजलेले खाचे म्हणजे तिसरं दुखणं, आणि ते पंपाच्याच बाजूला मोजायचं, कारण लक्षणं तीच: चढत जाणारं तापमान, गार रेडिएटर, न सुटणारी उष्णता. फरक एवढाच की ब्लॉकवर बोट ठेवलं तर मंद थरथर जाणवते. लाकडी दांडा ब्लॉकला टेकवून दुसरं टोक कानाशी धरलं तर एकसुरी गुणगुण ऐकू येते. खरखर किंवा गुळगुळ आवाज आला तर हवेचा संशय घ्या. रेडिएटरचा माथा पंपापेक्षा वर आहे ना तेवढं बघा. पंपच सगळ्यात उंचावर असेल तर हवा तिथेच जाऊन बसते. मशीन चालू ठेवून केस थोडी तिरकी केल्याने कधीकधी ती निघते.

निवाडा पंपाविरुद्ध देण्याआधी सेटिंग तपासा. बायोस अपडेटनंतर सेटिंग मूळपदावर येतात, आणि पंपाचं हेडर पंख्यांसारखं ‘सायलेंट’ वक्रावर, म्हणजे कमी वेगाच्या सेटिंगवर, जाऊ शकतं. तीन पिनांच्या पंपाचं व्होल्टेज फार कमी झालं तर तो सुरूच न होण्याचीही शक्यता असते. त्या हेडरला पूर्ण वेग, १२ व्होल्ट द्या आणि मग चाचणी करा.

बैठकीवर संशय असेल तर कूलर उतरवा आणि प्लेटवरचा पेस्टचा ठसा वाचा. सगळीकडे पातळ, सारखा थर दिसला तर बैठक ठीक होती. एका कडेला जाड ढेकूळ आणि दुसरीकडे उघडं तांबं दिसलं तर प्लेट कलली होती. हे कोरच्या तापमानातूनही आधी सुचतं: बैठक एकांगी असेल तर काही कोर बाकीच्यांपेक्षा १५-२० अंशांनी जास्त तापतात, आणि पंप गेल्यावर सगळे मिळून चढतात. तापण्या-गार होण्याच्या फेऱ्यांत पेस्ट हळूहळू कडेला सरकते, म्हणून जुन्या मशीनमध्ये हा बिघाड महिनोन्‌महिने सावकाश वाढतो. नव्या मशीनमध्ये पहिल्या दिवसापासून तापमान जास्त असेल तर प्लेटवरचं पारदर्शक प्लास्टिक काढायचं राहिलंय का ते बघा. २०२१ मध्ये आलेल्या इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर (मदरबोर्डवर सीपीयू बसतो ती जागा) आणखी एक घोळ होतो. त्याची उंची आधीच्या ११५एक्स आणि १२०० सॉकेटपेक्षा कमी आहे, त्यामुळे जुने स्टँडऑफ (कूलर ज्यांवर स्क्रूने आवळतात ते खुंट) वापरले तर स्क्रू पूर्ण आवळूनही दाब अपुरा पडतो.

पंपच गेलाय हे ठरलं तर आलेखाचे स्क्रीनशॉट आणि बायोसमधल्या चढत्या आकड्याचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा, वॉरंटीच्या दाव्यात ते उपयोगी पडतात. कूलर स्वतः उघडायला जाऊ नका, बहुतेक कंपन्या त्यानंतर वॉरंटी देत नाहीत. दुसरा कूलर येईपर्यंत या मशीनवर काम करायचंच असेल तर हवेवर चालणारा एखादा साधा कूलर लावा, आणि सीपीयूची वीजमर्यादा बायोसमधून त्या कूलरला झेपेल इतकी खाली आणा.