फ्रिजचा गॅस संपत नसतो

गेल्या जुलैत चिपळूणहून मावशीचा फोन आला. "अरे, वर आइस्क्रीम दगडासारखं घट्ट आणि खाली दूध नासतंय. मेकॅनिक बघून गेला. गॅस संपलाय म्हणाला, साडेतीन हजार होतील. भरून घेऊ का?"

"मावशी, थांब जरा. फ्रीझर उघड आणि आतली मागची भिंत कशी दिसते ते सांग."

ती फोन कानाला लावूनच गेली. "पांढरी झालीय रे. पिठीसाखर भुरभुरल्यासारखी. आणि फटींतून बर्फ डोकावतोय."

गॅस जागच्या जागी होता.

"गॅस संपला" हे आपल्याकडे फ्रिजच्या प्रत्येक दुखण्याचं ठरलेलं निदान होऊन बसलंय. आपल्यालाही ते चटकन पटतं, कारण डोळ्यांसमोर स्वयंपाकाचं सिलिंडर येतं. तो गॅस जळतो, म्हणून संपतो. फ्रिजमधला गॅस जळत नाही, झिजत नाही, जुनाही होत नाही. झाळून बंद केलेल्या नळीत तो वर्षानुवर्षं फिरत राहतो. हल्लीच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये हा गॅस म्हणजे आयसोब्युटेन असतो. फ्रिजच्या मागच्या पट्टीवर "आर-600ए" असं लिहिलेलं सापडेल आणि शेजारी वजनही असेल, साधारण 40 ते 80 ग्रॅम. हा गॅस कमी होतो तो एकाच कारणाने: नळीला कुठेतरी भोक पडलं तर. भोक न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणं. त्यामुळे "दरवर्षी थोडा गॅस टाकून घ्या" असा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नका.

या गॅसचं काम माठाच्या तत्त्वावर चालतं. माठातून झिरपलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. आयसोब्युटेन साध्या हवेच्या दाबाला उणे 11.7 अंशांवर उकळतो. फ्रिजच्या आतल्या कॉइलमध्ये, म्हणजे वेटोळ्या नळीत, कंप्रेसर दाब त्याहूनही कमी ठेवतो, म्हणून तिथे तो उणे 25 अंशांच्या आसपास उकळत राहतो आणि भोवतालची उष्णता शोषतो. मग कंप्रेसर त्याला दाबून बाहेरच्या नळ्यांत ढकलतो, तिथे उष्णता टाकून तो पुन्हा द्रव होतो आणि केसासारख्या बारीक कॅपिलरीतून परत आत येतो. बाहेरच्या नळ्या पूर्वी मागे काळ्या जाळीसारख्या दिसायच्या, आता त्या बाजूच्या पत्र्याआड असतात. फ्रिजच्या कडा गरम लागल्या तर घाबरू नका, ती आतून काढलेली उष्णता आहे.

आता मुख्य गोष्ट. दोन दारांच्या, फ्रॉस्ट-फ्री म्हणवणाऱ्या बहुतेक फ्रिजमध्ये थंडी देणारी कॉइल एकच असते आणि ती फ्रीझरच्या मागच्या भिंतीआड असते. खालच्या कप्प्यात स्वतःचं असं गार काहीच नसतं. एक छोटा पंखा कॉइलवरून हवा ओढतो, बरीचशी फ्रीझरमध्ये सोडतो आणि थोडी एका बोळातून खाली पाठवतो. दूध, भाजी, ताक सगळं त्या थोड्याशा हवेच्या भरवशावर. कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांमधल्या फटी बुजल्या, की आधी उपासमार होते ती खालच्या कप्प्याची.

आणि या फटी बुजवतं ते हिम. मावशीच्या घरात हिम आलं कुठून? दारातून. जुलैतलं चिपळूण: 28 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता धरा. अशा एका घनमीटर हवेत सुमारे 23 ग्रॅम पाण्याची वाफ असते. 250 लिटरच्या फ्रिजमध्ये सामान वजा जाता 150 लिटर हवा आहे असं समजू. दार सताड उघडून कोथिंबीर शोधत उभं राहिलं, की आतली गार, जड हवा पायांवर सांडते (अनवाणी असाल तर ती जाणवतेच) आणि वरून दमट हवा आत शिरते. सगळी हवा बदलली, तर एका खेपेला तीन ग्रॅम पाणी आत आलं. दिवसात 40 वेळा दार उघडणाऱ्या घरात हे जास्तीत जास्त 120 ग्रॅम होतं, म्हणजे पाऊण वाटी पाणी. तेही वाफेच्या रूपात, न दिसता.

आता उष्णतेचा हिशेब बघा. ती 150 लिटर हवा कोरडी असती, तर तिला 28 वरून 4 अंशांवर आणायला सव्वाचार किलोज्यूल उष्णता काढावी लागली असती. पण एक ग्रॅम वाफ थेट हिम होताना 2.8 किलोज्यूल सोडते, म्हणजे तीन ग्रॅमचे साडेआठ. पावसाळ्यात हवा गार करण्यापेक्षा तिच्यातल्या ओलाव्यावर फ्रिजला दुप्पट राबावं लागतं. नागपूरच्या मे महिन्यात 42 अंशांचं ऊन असलं, तरी आर्द्रता 15-20 टक्के असेल तर घनमीटरमागे वाफ 8 ते 11 ग्रॅमच. हिमाच्या बाबतीत कोकणातला जुलै विदर्भातल्या मेपेक्षा फ्रिजला जड जातो, हे मला स्वतःला हा हिशेब मांडेपर्यंत खरं वाटलं नव्हतं.

ही वाफ नेमकी कॉइलवरच का जाऊन बसते? इथे जरा धीर धरा, हा भाग मला फार आवडतो. प्रत्येक पृष्ठभागाचा, त्याच्या तापमानानुसार, वाफेचा एक दाब ठरलेला असतो. 4 अंशांच्या पाण्यावर तो सुमारे 813 पास्कल असतो. उणे 25 अंशांच्या बर्फावर फक्त 63. उतार मिळाला की पाणी वाहतं, तशी वाफ जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते. म्हणजे फ्रिजमधल्या प्रत्येक ओल्या वस्तूसाठी, मग ती चिरलेली काकडी असो की उघडं वरण, कॉइल हा सगळ्यात खोल खड्डा आहे. पालेभाजी सुकते, उघड्या भाताचे दाणे कडक होतात. त्यांचं पाणी सरळ कॉइलवर जाऊन हिम झालेलं असतं. झाकण ठेवलं की अन्नही टिकतं आणि कॉइलही.

हा आकडा हाताशी असला, की मोबाइलवर फिरणारे दोन संदेश सहज तपासता येतात. पहिला: फ्रिजमध्ये वाटीभर मीठ ठेवा, बर्फ साचणार नाही. मीठ हवेतलं पाणी ओढतं ते आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर असेल तेव्हाच. 4 अंशांवर त्याचा अर्थ साधारण 610 पास्कल. शेजारी 63 पास्कलचा खड्डा असताना वाफ मिठाकडे कशाला वळेल? दुसरा संदेश जास्त त्रासदायक आहे: मळलेली कणीक फ्रिजमध्ये ठेवली तर ती पिंडासारखी होते आणि भुतंखेतं घरात येतात. कामावरून दमून येणाऱ्या बायकांच्या मनात उगाच भीती घालणारा हा प्रकार आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो. कणीक राखाडी पडते ती गव्हातल्या विकरांमुळे, आंबूस होते ती जिवाणूंमुळे आणि वरून सुकते ती त्याच 63 पास्कलमुळे. झाकणाच्या डब्यात ठेवा, दुसऱ्या दिवशी बिनधास्त पोळ्या लाटा.

परत हिमाकडे. ॲल्युमिनियममधून उष्णता सहज वाहते, त्याची वाहकता 200 च्या वर. घट्ट बर्फाची 2.2. पण कॉइलवर बसतं ते घट्ट बर्फासारखं नसतं, ते भुसभुशीत, हवेने भरलेलं असतं. त्याची वाहकता 0.1 ते 0.3 इतकी खाली येते. म्हणजे कॉइलने गोधडी पांघरली. पंख्याला फटी मिळत नाहीत, हवा खाली जात नाही. तापमान मोजणारा थर्मोस्टॅट असतो बहुधा खालच्या कप्प्यात. त्याला वाटतं अजून गार व्हायचंय, तो कंप्रेसर बंदच करत नाही. कॉइलला चिकटून असलेला फ्रीझर मात्र आणखी गारठत जातो. मावशीचं आइस्क्रीम दगड झालं आणि दूध नासलं, ते एकाच कारणाने. गॅस खरोखर गेला असता, तर आइस्क्रीमच आधी पातळ झालं असतं.

मग रोज इतकं हिम साचत असताना सगळेच फ्रिज का बंद पडत नाहीत? कारण फ्रॉस्ट-फ्री फ्रिज दिवसातून दोन-तीनदा स्वतःला मुद्दाम गरम करतो. कंप्रेसर ठरावीक तास चालला, की टायमर त्याला थांबवतो आणि कॉइलखालचा हीटर लावतो. 120 ग्रॅम हिम वितळायला 40 किलोज्यूल पुरतात. 150 वॉटच्या हीटरला हिशेबाने पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, पण कॉइल आणि आजूबाजूचं सगळं तापवायचं असल्याने प्रत्यक्षात पंधरा-वीस मिनिटं जातात. थांबायचं कधी हे सांगतो बायमेटल. कॉइलवर चिमट्याने अडकवलेली ही बटणाएवढी डबी. आत दोन धातूंची चिकटवलेली चकती असते; एक धातू जास्त फुगतो, दुसरा कमी, त्यामुळे कॉइल 10 अंशांच्या आसपास पोचली की चकती टक् करून उलटी वळते आणि हीटर बंद. वितळलेलं पाणी एका नळीतून खाली, कंप्रेसरवरच्या ताटलीत जातं आणि कंप्रेसरच्याच गरमीने उडून जातं. रात्री शांततेत कान दिलात, तर हीटरवर थेंब पडल्याचा चुर्र आवाज येतो. नव्या मॉडेलमध्ये टायमरच्या जागी सर्किट बोर्ड आणि सेन्सर आलेत, कल्पना तीच. टायमर, हीटर, बायमेटल यांपैकी एक जरी गेलं, तरी आठ-दहा दिवसांत कॉइल पांढरीशुभ्र.

म्हणून घरी करता येण्यासारखी परीक्षा अशी. फ्रिज प्लगपासून काढा, रिकामा करा, दोन्ही दारं उघडी ठेवून 24 तास सोडा. खाली जुनी चादर अंथरा, हवं तर समोर टेबलफॅन लावा. चाकू, उलथनं, स्क्रूड्रायव्हर यांना हात लावू नका. एका दाराच्या फ्रिजमध्ये सुरीने बर्फ खरवडताना ॲल्युमिनियमला भोक पडतं, तेव्हा मात्र गॅस खरोखर जातो. शिवाय आयसोब्युटेन ज्वालाग्राही आहे. मग फ्रिज सुरू करा आणि खालच्या कप्प्यात ग्लासभर पाण्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर ठेवा. सकाळी 4-5 अंश दिसले, आठवडाभर सगळं ठीक चाललं आणि मग तेच दुखणं परत आलं, तर दोष हिम वितळवणाऱ्या यंत्रणेत. सुरू करून चोवीस तास झाल्यावरही फ्रीझर गारच होत नसेल, कंप्रेसर अखंड चालतोय पण फ्रिजच्या कडा कोमटसुद्धा होत नाहीत, तर गॅसगळतीचा संशय घ्यायला जागा आहे. मेकॅनिकला मागचं कव्हर उघडून कॉइल दाखवायला सांगा. सगळी कॉइल पांढरी म्हणजे हिम वितळवणाऱ्या यंत्रणेचा बिघाड. सुरुवातीच्या एक-दोन वेटोळ्यांवरच हिम आणि पुढे कोरडी, म्हणजे गॅस कमी.

बाकीची दुखणी किरकोळ, पण पैसे वाचवणारी. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा. ती सहज सरकत असेल तर रबर सैल आहे. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर वितळलेल्या पाण्याची नळी तुंबली आहे, कोमट पाण्याने मोकळी करा. जुन्या फ्रिजमधलं फ्रीझरचं बटण बऱ्याचदा हवेच्या वाटणीची झडप असते. उन्हाळ्यात ते "जास्त"वर फिरवलं, की खालची हवा आणखी तुटते. वीज जाऊन लगेच आली आणि "टक्... गूं... टक्" असं होत राहिलं, तर पाच मिनिटं बंद ठेवा. बारीक कॅपिलरीतून दोन बाजूंचे दाब सारखे व्हायला तेवढा वेळ लागतो, तोवर कंप्रेसरला जोर लावता येत नाही.

आपोआप बर्फ पाडणारा आइस मेकर आता मोठ्या फ्रिजमधून आपल्याकडेही आलाय. त्यात साच्याचं तापमान उणे 9-10 अंशांच्या खाली गेल्याशिवाय तो बर्फ सोडत नाही, त्यामुळे फ्रीझर नीट गार नसेल तर आधी तो बघा. खडे छोटे किंवा पोकळ येत असतील तर पाण्याचा दाब तपासा. पाइपने जोडायच्या बऱ्याच आइस मेकरना किमान 20 पीएसआय दाब लागतो, म्हणजे 14 मीटर उंच पाण्याचा स्तंभ. आपल्याकडे पाणी गच्चीवरच्या टाकीतून उतरतं. वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर चार-पाच मीटरच असते, त्यात मध्ये फिल्टर. यंत्र निर्दोष असूनही बर्फ धड होत नाही. छोटा बूस्टर पंप लावला की काम होतं.

मावशीने फ्रिज दोन दिवस उघडा ठेवला, सगळं शेजारच्या वहिनींकडे हलवून. सुरू केल्यावर खाली 4 अंश आले आणि नवव्या दिवशी पुन्हा 11. मग दुसऱ्या मेकॅनिकने कव्हर काढलं. पूर्ण कॉइल पांढरी, बायमेटल फुगून तडकलेला. सुटा भाग आणि मजुरी धरून सातशे रुपये झाले. परवा तिने रात्री साडेअकराला फोन केला होता, फ्रिजमधून चुर्र आवाज येतोय, तो मला ऐकवायला.