बीपी बसून ठीक, उठलं की घेरी : मशीन बदलून मागण्याआधी हे वाचा

(शाहूपुरीतल्या आमच्या सर्जिकल दुकानातून बीपीचं मशीन नेलेल्या ग्राहकांसाठी)

मशीन परत येतं तेव्हा तक्रार बहुतेक एकच असते. "सकाळी १४०, दहा वाजता १०५, डॉक्टरांकडं १३०. काहीही दाखवतंय, बदलून द्या." आम्ही ते तपासणीच्या गेजला टी-जोड लावून ताडून बघतो आणि आकडे जुळतात. मग विचारतो, गोळ्या कुठल्या चालू आहेत? उत्तर येतं : कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनची लेव्होडोपा. किंवा रात्री पाय वळवळतात म्हणून दिलेली रोपिनिरोल, प्रॅमिपेक्सोल. किंवा प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) वाढलंय म्हणून ब्रोमोक्रिप्टिन, कॅबरगोलिन. या सगळ्यांचा संबंध डोपामिनशी, म्हणजे मज्जातंतूंचे निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाशी आहे, आणि डोपामिनचा रक्तदाबाशी. काउंटरवर गर्दीत हे नीट सांगता येत नाही, म्हणून हा कागद.

आपण उठून उभे राहिलो की अर्धा ते एक लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. मानेतल्या धमनीत आणि हृदयाजवळच्या महाधमनीत दाब ओळखणारे मज्जातंतू आहेत. ते मेंदूला खबर देतात, आणि तिथून सिम्पथेटिक मज्जातंतूंना हुकूम सुटतो. या तंतूंची टोकं रक्तवाहिन्यांच्या भिंतीपर्यंत गेलेली असतात. टोकातून नॉरॲड्रेनॅलिन नावाचं रसायन बाहेर पडतं, वाहिनी आवळते, दाब टिकतो. धडधाकट माणसात हे काही सेकंदांत उरकतं, त्याला पत्ताही लागत नाही.

याच टोकांवर डी-टू जातीचे डोपामिन रिसेप्टर, म्हणजे डोपामिन चिकटायच्या जागा, बसलेले असतात. डोपामिन किंवा त्याची नक्कल करणारी गोळी त्यांना चिकटली की टोकात शिरणारं कॅल्शियम घटतं आणि नॉरॲड्रेनॅलिन कमी सुटतं. पाटाचं दार थोडं खाली ओढावं तसं : पाणी चालू राहतं, पण शेवटच्या सरीपर्यंत पोचत नाही. बसलेल्या माणसाला वाहिन्या एवढ्या आवळायची गरजच नसते, त्यामुळं बसून घेतलेला आकडा चांगला येतो. गरज लागते ती उठल्यावर, आणि नेमकं तेव्हाच कमी पडतं. डोळ्यांपुढं अंधारी येते, झोकांडी जाते.

दुसरी जात डी-वन. हे रिसेप्टर खुद्द रक्तवाहिनीच्या स्नायूवर असतात, त्यातही मूत्रपिंड आणि आतड्यांच्या वाहिन्यांत जास्त. ते चेतवले की वाहिनी सैलावते, आणि मूत्रपिंड लघवीतून मीठ जास्त टाकतं. या कामासाठी मूत्रपिंड स्वतःचं डोपामिन स्वतः तयार करतं. फेनोल्डोपाम नावाचं औषध याच रिसेप्टरवर चालतं आणि धोकादायक वाढलेलं बीपी उतरवायला शिरेतून देतात.

पार्किन्सनच्या रुग्णांत आणखी एक गोष्ट असते. हा आजार फक्त मेंदूत राहत नाही. सिम्पथेटिक तंतूही त्यात झिजतात. म्हणून गोळी सुरू होण्याआधीही काहींना उठल्यावर गरगरतं. लेव्होडोपासोबत कार्बिडोपा असते ती मेंदूबाहेर लेव्होडोपाचं डोपामिन होणं रोखण्यासाठी. तिनं मळमळ बरीच आवरते, बीपीची घसरण मात्र पूर्ण थांबतेच असं नाही.

घरातलं कोणी आयसीयूत राहून आलेलं असलं की हमखास विचारतात, "दवाखान्यात तर बीपी वाढवायला डोपामिन लावलं होतं, मग गोळीनं कमी कसं होईल?" प्रश्न रास्त आहे. फरक मात्रेचा आहे. ठिबक अगदी हळू, म्हणजे वजनाच्या दर किलोमागं मिनिटाला सुमारे २ मायक्रोग्रॅमपर्यंत असलं, तर मुख्यतः डोपामिनचेच रिसेप्टर चेततात आणि वाहिन्या सैलावतात. ५ ते १० च्या दरम्यान हृदयाचा जोर वाढतो. १० च्या वर गेलं की वाहिन्या आवळतात आणि बीपी चढतं. शिवाय हे डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, म्हणून कंपवाताला त्याचा उपयोग नाही. तिथं लेव्होडोपाच लागते.

आता मुद्द्याची गोष्ट. ज्या चुकीपायी तुमची गाडी कागलहून, गडहिंग्लजहून उगाच इथवर येते आणि आमची सकाळ जाते ती ही : बीपी फक्त बसून मोजणं, आणि गोळी किती वाजता घेतली ते न लिहिणं. नुसता "१०५" हा आकडा आम्हालाही काही सांगत नाही आणि डॉक्टरांनाही. तो गोळीआधीचा की नंतरचा, बसून की उभ्यानं, जेवल्यावर की उपाशी, हे कळलं तरच त्याचा अर्थ लागतो. तांबडा-पांढरा रस्सा ओरपून तासाभरात अंबाबाईच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाचं बीपी आणि सकाळी चहाआधीचं बीपी सारखं कसं येणार? जड जेवणानंतर रक्त आतड्यांकडं वळतं, आणि ज्यांचे तंतू झिजलेत त्यांचा दाब तेवढ्यानंही उतरतो.

तर असं करा. पाच मिनिटं आडवं व्हा, नाहीतर निदान शांत बसा, आणि बीपी घ्या. मग उभं राहून एका मिनिटानं एकदा आणि तीन मिनिटांनी एकदा घ्या. उभ्यानं मोजताना हात लोंबता ठेवू नका; कपाटाच्या फळीवर किंवा घरातल्या कोणाच्या खांद्यावर टेकवून छातीच्या पातळीत धरा. हात खाली राहिला तर आकडा खोटा जास्त येतो आणि नेमकी घसरण झाकली जाते. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, तर ती कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवायची गोष्ट आहे. हे सकाळी गोळीआधी करा आणि गोळीनंतर साधारण तासाभरानं पुन्हा. माणूस एकटा नको, मागं खुर्ची हवी. गरगरलं तर लगेच बसायचं. आकडा येईपर्यंत थांबायचं नाही.

हात थरथरत असेल तर आपोआप फुगणारं मशीन एरर दाखवतं किंवा पुन्हा पुन्हा फुगतं. ते कफमधले बारीक ठोके वाचतं, आणि कंपामुळं ते ठोके त्याला वेगळे ओळखता येत नाहीत. कमी थरथरणारा हात निवडा, खाली उशी घ्या. तरीही जमत नसेल तर हातपंपाचं, डायलचं मशीन आणि स्टेथोस्कोप घ्या. घरातल्या एकाला ते वापरायला आम्ही दुकानातच शिकवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. कफचंही बघा. मशीनसोबत येणारा नेहमीचा कफ साधारण २२ ते ३२ सेंटीमीटर दंडाचा असतो. तालमीत घुमलेल्या दंडाला तो अपुरा पडतो आणि बीपी उगाच जास्त दाखवतो. आपल्याकडं असे दंड कमी नाहीत, म्हणून मोठा कफ आम्ही कायम ठेवतो.

आकडे बघून घरच्या घरी औषधात बदल करू नका, ही हात जोडून विनंती. कंपवाताच्या कित्येक रुग्णांचं बीपी आडवं असताना चढलेलं आणि उभं राहिल्यावर उतरलेलं असतं. रात्री झोपून १६० दिसलं म्हणून मुलगा बीपीची गोळी वाढवतो, आणि पहाटे लघवीला उठलेले आण्णा पडतात. उलट घेरीला घाबरून लेव्होडोपा एकदम बंद करणंही जीवावर बेतू शकतं : अंग ताठतं, ताप चढतो. रोपिनिरोलसारखी गोळी बरेच दिवस चुकली असेल तर जुन्या पूर्ण मात्रेनं पुन्हा सुरू करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा. या गोळ्या अगदी लहान मात्रेपासून चढवत नेतात, त्याला कारण हीच सुरुवातीची घसरण आहे.

कोणी "झाडपाल्याचं आहे" म्हणून बीपीसाठी सर्पगंधाचं चूर्ण घेत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. सर्पगंधेनं बीपी उतरतं हे खरंच आहे, मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ साली ते जगापुढं मांडलं. पण तिच्यातलं रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांतला नॉरॲड्रेनॅलिनचा साठा रिकामा करतं आणि डोपामिनचाही. स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ साली रेसर्पिननं निपचित पडलेल्या सशांना लेव्होडोपा दिली आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. कंपवातावरच्या आजच्या उपचाराचा धागा तिथूनच निघाला, आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं. एका हातानं लेव्होडोपा आणि दुसऱ्या हातानं सर्पगंधा घेणाऱ्याचं औषध औषधाशीच भांडतं.

तीन दिवसांच्या नोंदीशिवाय आम्ही मशीन बदलून देत नाही, यावरून काहीजण नाराज होतात. पण चांगलं मशीन बदलून दिलं तर नवंही तेच आकडे दाखवणार, आणि घेरीचं कारण तसंच राहणार. नोंद आणल्यावर मशीन चुकीचं निघालं तर वॉरंटीत तिथल्या तिथं बदलून मिळेल. नोंदीचा छापील तक्ता काउंटरवर फुकट आहे : वेळ, गोळी, जेवण, आडवं, उभं. तोच डॉक्टरांना दाखवता येतो. आमच्याकडून न घेतलेलं मशीनही ताडून देतो. येताना कफ आणि अडॅप्टर सोबत आणा.

डॉक्टरांनी पायमोजे किंवा पोटपट्टा सांगितला असेल तर एवढं लक्षात ठेवा : गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांचा उठल्यावरच्या घेरीला फारसा उपयोग होत नाही, कारण रक्त पोटातही साठतं. कमरेपर्यंतचे मोजे किंवा पोटपट्टा जास्त कामाला येतो. माप सकाळी, पाय सुजायच्या आत द्यायला या. माप घेतल्याशिवाय आम्ही मोजे देत नाही, आणि रात्री झोपताना पट्टा काढून ठेवायचा असतो.