पाच किलो कायद्याचे, 'मोफत' योजनेचं

'मोफत रेशन बंद होणार' असा मेसेज फिरला की दर वेळी तोच वाद सुरू होतो. एक जण म्हणतो, सरकारच्या मनात आलं की उद्या बंद. दुसरा म्हणतो, कायदा आहे, हात लावून दाखवा. दोघंही २०१३चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आणि करोनात सुरू झालेली प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजना यांची सरमिसळ करतात. शिकलेसवरलेले लोक, अगदी बातम्या लिहिणारेसुद्धा, हा घोळ घालतात याचा मला मनापासून राग येतो. कारण कपात नेमकी याच घोळाच्या आडून होते.

दुकानात काय मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदयला, म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबांना, कार्डामागे ३५ किलो.

खरं विचारायचं ते हे, की कपात करायला कोणाची परवानगी लागते?

माणशी ५ किलो हे कायद्याच्या कलम ३ मध्ये लिहिलेलं आहे. त्याचे ४ करायचे तर संसदेत दुरुस्ती विधेयक आणावं लागेल, त्यावर मतदान होईल, तुमच्या खासदाराला हो की नाही सांगावं लागेल. दर मात्र कलमात नाहीत, ते कायद्याला जोडलेल्या अनुसूची १ मध्ये आहेत, मुळात असे: तांदूळ किलोला ३ रुपये, गहू २, भरड धान्य १. आणि कलम ३७ प्रमाणे ही अनुसूची केंद्र सरकार नुसती अधिसूचना काढून बदलू शकतं. १ जानेवारी २०२३ पासून हेच धान्य फुकट मिळतं ते मंत्रिमंडळाच्या निर्णयाने. आधी एका वर्षासाठी, मग १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी. मुदत संपली की पुढे काय, तेही मंत्रिमंडळच ठरवणार.

करोनात काय झालं ते आठवा. एप्रिल २०२० पासून कायद्याच्या ५ किलोवर योजनेचे आणखी ५ किलो फुकट मिळत होते. पाच माणसांच्या घरात महिन्याला ५० किलो यायचे. डिसेंबर २०२२ नंतर योजनेचे बंद झाले, कायद्याचे फुकट झाले आणि योजनेचं नाव त्यांनाच दिलं. घरात २५ किलो यायला लागले, आणि मथळे होते 'आता रेशन मोफत'. एवढं धान्य घटलं आणि संसदेत त्यावर मतदान झालं नाही, कारण त्याची गरजच नव्हती.

आपल्याकडे महाराष्ट्रातही तेच. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना कायद्याबाहेरून स्वस्त धान्य मिळायचं. २०२३ मध्ये शासन निर्णय निघाला आणि धान्याच्या जागी माणशी महिना १५० रुपये आले. राज्य सरकारचा सणासुदीचा स्वस्त 'आनंदाचा शिधा'ही तसाच: २०२२च्या दिवाळीला १०० रुपयांत रवा, साखर, चणाडाळ, पामतेल, २०२५च्या गणपतीत नाही.

कायद्याचं धान्य मिळालं नाही तर कलम ८ खाली अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. शिधा मिळाला नाही तर कोणत्या कलमावर बोट ठेवणार?

आरोग्याचं तर सगळंच योजनेवर चाललंय. सरकारी रुग्णालयीन उपचारांच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं दीड लाखाचं विमा कवच पाच लाखांवर गेलं ते शासन निर्णयाने, आणि खाली आणायलाही तेवढंच पुरे. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. महाराष्ट्रात तसा कायदा नाही.

म्हणून 'योजना बंद करू नका' एवढंच लिहिलेलं निवेदन मला अपुरं वाटतं. मागणी विधानसभेकडे करा आणि ती कलमाची करा. छत्तीसगडने केंद्राच्या आधी, २०१२ मध्येच, स्वतःचा अन्न सुरक्षा कायदा केला आणि त्यात डाळ आणि मीठही घातलं.