उरलेले तुकडे आणि उपकारस्तुती : घरातल्या अन्ननासाडीच्या चर्चेची पार्श्वभूमी

घरातल्या अन्ननासाडीविषयी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आज जी भाषा ऐकू येते, ती बरीचशी २०१३ सालची आहे. त्या वर्षी ५ जूनला, जागतिक पर्यावरणदिनी, तेव्हाच्या पोपमहोदयांनी, फ्रान्सिस यांनी, अन्न फेकण्याची तुलना गरिबाच्या, भुकेल्याच्या ताटातून केलेल्या चोरीशी केली. २०१५ च्या त्यांच्या पर्यावरणविषयक परिपत्रकात हाच विचार पुन्हा आला आणि पंथांच्या सीमा ओलांडून सगळीकडे पोचला.

चोरीचा हा आरोप मुळात फार जुना. चौथ्या शतकात आशिया मायनरमधल्या एका बिशपांनी धनवानांना बजावलं होतं की तुम्ही अडवून ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे. पण त्यांचा रोख कोठारांवर होता. दुष्काळातही धान्य दाबून ठेवणारा माणूस त्यांच्यासमोर होता. रात्रीच्या जेवणातलं उरलेलं डब्यात भरून मागे सरकवणारं आणि चार दिवसांनी न उघडताच टाकून देणारं कुटुंब नव्हतं. हा हात लोभाचा नाही, विसराळूपणाचा आहे. विसरणाऱ्याला चोर म्हटलं की तो शरमतो, पण डबा वेळेवर उघडायला शिकतोच असं नाही.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, घरच्या उरलेल्या अन्नाच्या सर्वांत जवळ जाणारी जागा म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय. येशूने थोड्या भाकरींवर हजारोंना जेवू घातल्यावर उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्यांचा उल्लेख चारही शुभवर्तमानांत आहे. पण काही वाया जाऊ नये म्हणून तुकडे गोळा करा, ही प्रभूची आज्ञा फक्त योहान नोंदवतो. आणि ती येते लोक तृप्त झाल्यावर. आधी उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणारी प्रार्थना, मग जेवण, मग गोळा करणं. ज्याने नुकतंच हजारोंना जेवू घातलं, त्याला जवाच्या भाकरींच्या तुकड्यांची टंचाई नव्हती. तरीही ते उचलायला सांगितले, कारण त्यांच्यासाठी पित्याचे आभार मानून झाले होते. मला तरी या आज्ञेचा दुसरा अर्थ लागत नाही.

सहाव्या शतकातल्या एका मठनियमावलीत हाच विचार रोजच्या व्यवहारात उतरलेला दिसतो. प्रत्येकाला दिवसाला पाऊंडभर भाकर. ज्या दिवशी रात्रीचंही जेवण असेल, त्या दिवशी तिच्यातला तिसरा हिस्सा कोठीच्या कारभाऱ्याने आधीच बाजूला काढून ठेवायचा. मठातली भांडीकुंडी त्याने वेदीवरच्या पवित्र पात्रांइतकी जपायची, असंही त्यात लिहिलं आहे.

आता वादाचा मुद्दा. सप्टेंबर २०१५ मध्ये जगातल्या देशांनी २०३० पर्यंतची जी उद्दिष्टं ठरवली, त्यांतल्या १२.३ क्रमांकाच्या उद्दिष्टात किरकोळ विक्री आणि ग्राहक या पातळ्यांवरची दरडोई अन्ननासाडी निम्म्यावर आणायचं ठरलं. शेत, साठवण, वाहतूक इथल्या नुकसानीबद्दल मात्र नुसतं 'कमी करणे' एवढंच. आकडा पडला तो दुकानांच्या आणि घरांच्या वाट्याला. काहींना हा अन्याय वाटतो, आणि तो आक्षेप पोकळ नाही. पण अन्ननासाडीवरचा संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा जागतिक अहवाल सांगतो की २०२२ मध्ये दुकानं, खानावळी आणि घरं मिळून सुमारे १.०५ अब्ज टन अन्न टाकलं गेलं, त्यातलं ६० टक्के घरांतून. म्हणजे घरांतूनच माणशी वर्षाला साधारण ७९ किलो. एवढा हिस्सा आपला असताना आक्षेपाच्या आडोशाला उभं राहणं ख्रिस्ती घराला शोभत नाही.

या आकड्यांत हाडं, साली, कोयी असा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे. उलट २०११ मध्ये गाजलेला 'एक तृतीयांश अन्न', म्हणजे १.३ अब्ज टन, हा अंदाज खाण्यायोग्य भागाचा आणि शेतापासून ताटापर्यंतच्या सगळ्या साखळीचा होता. व्यासपीठावरून हे दोन आकडे शेजारी ठेवून नासाडी घटली किंवा वाढली म्हणणं चूक आहे.

२०२४ च्या अहवालातली आणखी एक गोष्ट जास्त बोलकी आहे. श्रीमंत आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत घरगुती नासाडीच्या सरासरीतला फरक माणशी जेमतेम ७ किलोचा निघाला. नासाडी म्हणजे श्रीमंतांचा माज, हे सोपं उत्तर त्यामुळे टिकत नाही.

म्हणूनच २०१५ च्या त्याच परिपत्रकातला २२७ वा परिच्छेद मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जेवणाआधी आणि जेवणानंतर क्षणभर थांबून देवाचे आभार मानण्याच्या प्रथेकडे परत या, असं त्यात श्रद्धावंतांना सांगितलं आहे. चोरीचं वाक्य त्याच्या कितीतरी पट अधिक उद्धृत होतं. त्यातही जेवणाआधीची प्रार्थना पुष्कळ घरांत टिकून आहे, नंतरचीच सुटली. बायबलच्या जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात तर खाऊन तृप्त झाल्यावर परमेश्वराचा धन्यवाद करण्याचीच आज्ञा आहे, आणि सुरुवातीच्या मंडळीच्या एका नियमपुस्तिकेत तृप्त झाल्यानंतर म्हणायची वेगळी उपकारस्तुती दिलेली आहे. ही प्रार्थना होते तेव्हा भांडी अजून समोरच असतात, काय उरलंय ते सगळ्यांना दिसत असतं, आणि ते उद्या कोण खाणार हे तिथल्या तिथे ठरवता येतं.