एचपीव्ही लसीची शिफारस (कोकण)

गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी लस कोणी, कधी आणि का घ्यावी, हे डॉक्टर, परिचारिका किंवा आशाताईंनी मुलीला व तिच्या घरच्यांना स्पष्ट सांगणे म्हणजे ही शिफारस. कोकणात या आजाराला बोलताना ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ म्हणतात, आणि शिफारसही त्याच शब्दांत केलेली बरी.

हा कर्करोग ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे (एचपीव्ही) होतो. तो संबंध दाखवणारे हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. विषाणूचे १६ व १८ हे दोन प्रकार सुमारे ७० टक्के रुग्णांत कारणीभूत असतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ती मुलग्यांनाही देता येते. ९ ते १४ वयात तिचे सहा महिन्यांच्या अंतराने २ डोस, १५ पासून पुढे ३. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये ९ ते २० वयोगटासाठी एका डोसाचा पर्यायही मान्य केला.

शिफारशीचे यश पहिल्या वाक्यावर फार अवलंबून असते. ‘लस घ्यायची का?’ असे विचारले, तर घरच्यांना वाटते, ही काही गरजेची नसावी. ‘हिला दहावं लागलं, टीडीच्या (धनुर्वात-घटसर्पाच्या) लसीबरोबर कॅन्सर टाळणारी लसही देऊया,’ असे सांगितले की बोलणे शंकांकडे वळते, आणि शंका ऐकून घेणे हेच खरे काम. सिंधुदुर्गात एखादी आजी विचारते, ‘आमच्या चेडवाक आताच कित्याक व्हयी?’ (आमच्या मुलीला आताच कशाला हवी?) तिला लैंगिक संबंधांवर व्याख्यान नको असते. विषाणूशी गाठ पडण्याआधी लस घेतली तरच ती पुरेपूर उपयोगी पडते आणि लहान वयात शरीर अधिक जोमाने प्रतिकारशक्ती तयार करते, एवढे उत्तर पुरते. लसीत जिवंत विषाणू नसतो, तिने वंध्यत्व येत नाही, हे मात्र कोणी विचारण्याची वाट न पाहता सांगावे. ती भीती बहुधा मनातच राहते. टोचल्यावर काही मुलींना भोवळ येते, म्हणून पंधरा मिनिटे बसवून ठेवतात. हेही आधी सांगितले की घाबरगुंडी उडत नाही.

ठाम सांगणे म्हणजे दडपण आणणे नव्हे. २०१० मध्ये आंध्र प्रदेश व गुजरातमधील लसीकरण प्रकल्प काही मुलींच्या मृत्यूंनंतर थांबवला गेला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, पण संमती घेण्यातल्या गंभीर त्रुटी उघड झाल्या. त्या चुकीची किंमत पुढे बरीच वर्षे मोजावी लागली. म्हणून नकार आला तरी रागवू नये. पुढच्या भेटीत विषय पुन्हा काढावा.

कोकणात आणखी एक अडचण असते: आई वाडीत, बाप मुंबईत. ‘ह्यांना विचारून सांगते’ हे उत्तर टाळाटाळ म्हणून घेऊ नये; तिथेच फोन लावून वडिलांशी बोलावे. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला घरी येतात, आणि भाद्रपद ते फाल्गुन हे अंतर सहा महिन्यांचेच. पहिला डोस गणपतीत दिला, तर ‘दुसरा शिमग्याला’ ही तारीख कोणी विसरत नाही. गावी आलेल्या मुंबईकर मुलींनाही ती जमते.

लस घेतली तरी पुढे गर्भाशयमुखाची तपासणी चुकवायची नसते, कारण लसीत विषाणूचे सर्व प्रकार येत नाहीत. मुलीसोबत आलेली आई तिशीपुढची असेल, तर तिची तपासणी झाली आहे का, हेही त्याच भेटीत विचारतात.