पोकळी, ऊती, पेशी: उलट्या क्रमाने उलगडलेले शरीर

शरीररचनेचे कोणतेही प्राथमिक पुस्तक उघडा, सुरुवात पेशीपासून होते. सारख्या पेशी एकत्र येऊन ऊती, ऊतींचे अवयव, आणि ते अवयव जिथे बसलेले असतात त्या कवटीच्या, छातीच्या, पोटाच्या पोकळ्या. शिकवायला हा क्रम सोयीचा आहे. माणसाला हे ज्ञान झाले ते मात्र नेमके उलटे: आधी पोकळ्या, मग ऊती आणि सर्वांत शेवटी पेशी. हे एकदा ध्यानात आले की पाठ करताना नकोशी वाटणारी बरीच नावे आपोआप बोलू लागतात.

पोकळ्या आधी कळल्या, कारण प्रेत कुजते. इटलीतल्या बोलोन्याचे मोंदिनो दे लुत्झी यांनी १३१६ मध्ये विच्छेदनाची पुस्तिका लिहिली. तिचा क्रम सरळ नाकाने ठरवलेला आहे. आतडी सर्वांत लवकर सडतात, म्हणून आधी पोट, मग छाती, मग डोके आणि शेवटी हातपाय. शरीराला त्यांनी तीन ‘पोटे’ मानली होती, खालचे, मधले आणि वरचे. आज आपण उदराची, छातीची आणि कवटीची पोकळी म्हणतो, त्यांची ही जुनी वाटणी. पुढे १५४३ मध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ आंद्रेआस व्हेसालियस यांनी प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनच्या चुका दाखवल्या. गॅलेनने माकडे आणि डुकरे कापली होती, माणूस नव्हे. म्हणून तर खालचा जबडा दोन हाडांचा, असे तेराशे वर्षे मानले जात होते.

सुश्रुतसंहितेत याच कुजण्याचा उपयोग करून घेतलेला दिसतो. प्रेत मुंज गवताने किंवा कुशाने गुंडाळायचे, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात आडोशाला बुडवायचे, आणि सात रात्रींनंतर वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू खरवडत त्वचेपासून आतपर्यंत एकेक थर पाहायचा. इथे शस्त्रापेक्षा पाणी आणि धीर जास्त कामाला येतात.

ऊतींची कल्पना पुढे आणली ती झाविये बिशा या फ्रेंच माणसाने, आणि ती सूक्ष्मदर्शकाला हात न लावता. बिशा १७९३ मध्ये पॅरिसला आले आणि शहराच्या मोठ्या रुग्णालयात शवागारातच राहिल्यासारखे राहिले. एका हिवाळ्यात त्यांनी सहाशेहून अधिक प्रेते तपासल्याचे सांगतात. त्यांची पद्धत कळायला आपले स्वयंपाकघर पुरे. मटण शिजवणाऱ्याला माहीत असते की मांसाचे धागे सुटतात, टोकाची पांढरी चिवट दोरी मऊ होऊन चिकट रसात उतरते, आणि कूर्चा मात्र बराच वेळ दाताखाली कुरकुरते. पातेले एक, आच एक, तरी प्रत्येक जिन्नस वेगळा वागतो. बिशा हेच करत होते. शरीराचा तुकडा उकळायचा, वाळवायचा, कुजवायचा, आम्लात आणि अल्कलीत टाकायचा. जे सारखे वागेल ते एका जातीचे, मग ते पायात सापडो की डोक्यात. अशा एकवीस ऊती त्यांनी मोजल्या.

त्यातले सर्वांत सुंदर काम मला पडद्यांचे वाटते. फुप्फुसावरचे आवरण, हृदयाभोवतीची पिशवी आणि पोटाच्या पोकळीचे आतले अस्तर हे तिन्ही पडदे ओलसर, गुळगुळीत आणि एकाच जातीचे आहेत. तेव्हा त्यांना सूज आली की आजाराची चालही सारखीच असणार. अवयव वेगळा असला तरी रोग ऊतीचा असतो, ही ओळख तिथे पटली. दोन पोकळ्यांना जोडणारा धागा हाती लागला. १८०२ च्या जुलैत, अवघ्या तिसाव्या वर्षी बिशा गेले.

पेशी खरे तर त्याआधीच दिसली होती. लंडनच्या रॉबर्ट हूक यांनी बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला आणि १६६५ मध्ये त्याचे चित्र छापले. मधाच्या पोळ्यासारख्या रिकाम्या कप्प्यांना त्यांनी ‘लहान खोली’ या अर्थाचे नाव दिले. एका घन इंचात असे सुमारे १२६ कोटी कप्पे, असा हिशेबही मांडला. शाळेत कांद्याचा पापुद्रा आयोडीन घालून काचपट्टीवर पाहिला असेल, तर विटांच्या भिंतीसारखे ते दृश्य आठवेल. हूक यांना मात्र भिंतीच दिसल्या, कारण आतले घर कधीच सुकून गेले होते.

पुढची दीडशेहून अधिक वर्षे या खोल्यांचा शरीराशी काय संबंध, हे कोणी सांगू शकले नाही. तेव्हाच्या भिंगांत वस्तूंभोवती रंगांच्या कडा उमटत, त्यामुळे जो तो आपल्याला वाटेल ते पाही. बिशांचा सूक्ष्मदर्शकावर विश्वास नव्हता तो यामुळेच. १८३० मध्ये जोसेफ जॅक्सन लिस्टर या मद्यव्यापाऱ्याने भिंगांच्या जोडणीचे गणित सुधारले आणि चित्र स्वच्छ झाले. जर्मन शास्त्रज्ञ श्लायडेन यांनी १८३८ मध्ये वनस्पतींसाठी, तर श्वान यांनी १८३९ मध्ये प्राण्यांसाठी सांगितले, की हाड, नख, पीस सगळे पेशींतूनच घडते. पेशी द्रवातून खड्यासारखी साकळते, हा त्यांचा समज मात्र चुकीचा होता. पेशी दुभंगून पेशी होते, हे रॉबर्ट रेमाक यांनी दाखवले, आणि जर्मन वैद्य फिर्खो यांनी १८५५ मध्ये ‘प्रत्येक पेशी पेशीपासूनच’ असे सूत्र गाजवले. रेमाक यांचे नाव आजही अनेक पुस्तकांत नसते, याची खंत वाटते. पुढे बिशांच्या एकवीस ऊती अभिस्तर (आवरणे आणि अस्तरे), संयोजी (जोडणाऱ्या), स्नायू आणि चेता (मेंदू व मज्जातंतूंच्या) या चारांत सामावल्या.

मराठी शब्दांनीही हा प्रवास जपला आहे. बिशांचा फ्रेंच शब्द म्हणजे ‘विणलेले कापड’. आपली ‘ऊती’ही विणणे या अर्थाच्या संस्कृत धातूवरूनच आली, ‘ओतप्रोत’ हा शब्द ज्या उभ्या-आडव्या धाग्यांचा आहे, त्याच कुळातली.

‘पेशी’ची गंमत मात्र फसवी आहे. सुश्रुतसंहितेत पाचशे पेशी आणि नऊशे स्नायू सांगितले आहेत. आजच्या अर्थाने वाचले तर पाचशे पेशी हा आकडा हास्यास्पद ठरतो. पण तिथे पेशी म्हणजे मांसाचा गोळा, आपण ज्याला आज स्नायू म्हणतो तो. आणि तिथला स्नायू म्हणजे सांधे बांधणारी चिवट दोरी. फळ्या दोऱ्यांनी घट्ट बांधलेली नाव जशी माणसांचा भार घेऊन पाण्यावर तरते, तसे स्नायूंनी बांधलेले सांधे शरीराचा भार पेलतात, असे संहिताच सांगते.