अकिलीझ कंडरावेदना

पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या कंडरेत होणारे दुखणे. ही कंडरा सुमारे १५ सेंमी. लांब असून शरीरातील सर्वांत जाड व बळकट मानली जाते. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या ६ ते ८ पट ताण येतो. काही मोजमापांत तो १२ पटींवर गेला आहे. दुखणे बहुधा टाचेच्या वर २ ते ६ सेंमी. पट्ट्यात असते, नाहीतर थेट हाडाच्या जोडाशी.

वेदनेचे मूळ वादग्रस्त आहे. पूर्वी हा सरळसरळ दाह समजला जाई. मात्र शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींत दाहपेशी फारशा आढळल्या नाहीत. कोलॅजेनचे (कंडरेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे) तंतू विस्कटलेले, त्यांच्यात पाणी धरणारी द्रव्ये साचलेली आणि नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या शिरलेल्या दिसल्या. या वाहिन्यांसोबत येणारे चेतातंतू दुखण्यास कारण होत असावेत; तथापि अशा वाहिन्या असूनही काहींना वेदना नसते. अलीकडे आरंभीच्या अवस्थेत दाहाच्या खुणा मिळाल्याने जुने मत सर्वस्वी बाद ठरत नाही. तरीही भाराच्या मानाने दुरुस्ती अपुरी पडते, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते.

धावण्याचे अंतर, वेग वा चढ एकदम वाढवणे हे नेहमीचे कारण. मधुमेह, स्थूलता आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटातील प्रतिजैविके यांमुळेही धोका वाढतो. तरुण वयात दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी पाठही बराच वेळ आखडत असेल, तर मणक्याच्या दाहक संधिवाताची तपासणी करावी. दोन्ही कंडरांवर गाठी असल्यास रक्तातील कोलेस्टेरॉल पाहावे. कोलेस्टेरॉल वाढवणाऱ्या आनुवंशिक विकाराची ही खूण सहज नजरेआड होते.

सकाळची पहिली पावले ताठर पडतात, चालल्यावर पाय मोकळा होतो आणि श्रमानंतर ठणका परततो. चिमटीत धरल्यास कंडरा दुखते. घोटा वरखाली करताना फुगवटाही सरकला, तर दोष कंडरेत आहे. तो जागीच राहिला, तर तिच्या आवरणात.

अचानक ‘फट्’ असा आवाज येऊन मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटले, तर कंडरा तुटल्याची शंका घ्यावी. ती तुटली तरी इतर स्नायूंच्या जोरावर पाऊल थोडे खाली वळते, त्यामुळे फसगत होते. रुग्णाला पालथे झोपवून पावले पलंगाबाहेर लोंबती ठेवावीत आणि पोटरी दाबावी. पाऊल हलले नाही, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे.